वामनरावांनी तपासलेली अकरा पानं

चिन्मयने पिशवीतून छापील शोधनिबंध अर्धा बाहेर काढला आणि वामनराव सरांच्या पत्नी विमलबाई चहा घेऊन येताना दिसताच पुन्हा आत ढकलला.

“दर्शन झालं का, बाबू?” त्यांनी विचारलं.

“हो, काकू.”

तो मंदिराकडे फिरकलासुद्धा नव्हता. शेगाव स्टेशनवरून थेट वामनरावांकडे आला होता. फोनवर खरं कारण सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून महाराजांना पुढे केलं. सापेक्षतावादात नाव काढलेला माणूस आपल्या शाळेतल्या गणिताच्या सरांसमोर चोरासारखा बसला होता.

फिरत्या कृष्णविवराजवळून जाणारा प्रकाश किती वळतो, याचं अकरा पानी गणित त्याने सोळा वर्षांपूर्वी सरांना टपालाने पाठवलं होतं. सर कुठलंही गणित उत्तरापासून उलटं, खालून वर तपासत जायचे. पंधरा दिवसांत पत्र आलं: सातव्या पानावर अधिकच्या जागी वजा पाहिजे. पाहिजेच होता. चिन्मयने चिन्ह बदललं, निबंध छापून आला आणि त्याच्याच जोरावर पुण्यात नोकरी लागली. शेवटी आभारांत सहा प्राध्यापकांची नावं होती. त्यांच्या पंगतीत शेगावच्या निवृत्त मास्तरांचं नाव लिहायची त्याला लाज वाटली. पत्राला उत्तरही दिलं नाही.

“अजून तपासता का गणितं, सर?”

“सोडलं रे. तुह्यं तपासलं, तेच शेवटचं.” वामनरावांनी बशीत चहा ओतला. “तुह्यं उत्तर नाही आलं, तवा समजलो का आपलंच चुकलं. एवढं मोठं गणित, अन् मी त्याच्यात वजा घुसवून राह्यलो. मलेच शरम वाटली.”

चिन्मयने निबंध काढला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

वामनरावांनी चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा खाली घेतला.

“वजाच हाय की.” ते आतल्या खोलीकडे वळले. “अवं, आयकलं का? माह्यं बराबर होतं.” मग चिन्मयकडे पाहून म्हणाले, “म्हंजे तुलेबी सापडलं. माह्यं पत्र भेटलंच नसंल तुले. टपालाचं असंच हाय.”

एक ‘हो’ म्हटलं असतं तरी भागलं असतं.

“मिळालं होतं, सर.”

“मंग उत्तर काऊन नाही देल्लं?”

“दिलं असतं, तर तुमचं नाव घालावं लागलं असतं.”

वामनरावांनी निबंध मिटून त्याच्या हातात दिला.

“नाव कोन मांगत होतं बे,” ते म्हणाले. “बराबर हाय, एवढंच कळवाचं होतं.”