खिळ्यावरच्या फिल्टरची जबानी

मी खिळ्यावरून बोलतोय. गॅरेजच्या भिंतीवर, पान्यांच्या फळीशेजारी, तो काळा, भोकं पडलेला कागदाचा गोळा लटकतोय ना, तो मी. एका डिझेल जीपचा फिल्टर. माझी कीव करू नका. मी इथे अगदी सुखात आहे, कारण माझा सूड पुरा झाला आहे, आणि तो कसा झाला हे सांगायला मला फार आवडतं.

जन्माने मी साधा. पिवळसर कागद, त्याच्या दाट घड्या, मधोमध जाळीची पत्र्याची नळी. डिझेल माझ्यातून गाळून इंजिनाकडे जातं, कचरा माझ्या घड्यांत अडकतो, पाणी खालच्या वाटीत साचतं. जे अडकलं ते धरून ठेवायचं, एवढाच माझा धर्म.

मला बसवलं या गॅरेजच्या मालकिणीने. सगळे तिला मिस्त्रीण म्हणतात. खाली दगडखाण आहे, तिथल्या आठ गाड्या मिस्त्रीणच बघते, त्यावरच हे गॅरेज उभं आहे. जीप मात्र तिच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची, दाजींची. तीही खाणीवरच माणसांची ने-आण करायची. मिस्त्रिणीने मला बॉनेटखाली उंचावर, इंजिनामागच्या पत्र्यावर घट्ट बसवलं.

"दाजी, इथे याला दगड लागणार नाही, चिखल लागणार नाही," ती म्हणाली. "आठवड्यातून एकदा वाटीखालचा हा स्क्रू सैल करायचा, पाणी सोडायचं, परत आवळायचा. दोन मिनिटांचं काम. आणि नवा फिल्टर सीटखाली ठेवलाय. हा तुंबला की तो घाला."

"अगं, तू फ्रॉकमध्ये होतीस तेव्हापासून गाडी चालवतोय मी," दाजी म्हणाले.

महिनाभराने दाजींनी भोंगे आणले. एक नाही, दोन. खाणीच्या वळणावर ते वाजवत जायची त्यांना कोण हौस! पण भोंग्यांना हवेची टाकी लागते आणि टाकीला जागा. जागा माझी होती. दाजींनी मला उपटलं, नळ्यांना जोड दिला आणि थेट गाडीच्या पोटाखाली, पुढच्या चाकामागे तारेने बांधून टाकलं. दाजींना मिस्त्रीकाम येत नाही. येतं असं त्यांना वाटतं, हे त्याहून वाईट.

तिथे माझे काय हाल झाले ते मलाच ठाऊक. चाक गरगरा फिरायचं आणि खडी माझ्या अंगावर यायची. तिसऱ्या दिवशी स्क्रू वाकला, डिझेल ठिबकू लागलं. दाजींनी त्यावर अंघोळीचा साबण थापला. स्क्रू फिरेना, म्हणून पाणी सोडणं बंद. वाटी गळ्यापर्यंत भरली. समोर स्टिअरिंगमागे पिवळा दिवा लागला, पाणी सोडा म्हणून. "डोळ्यावर येतोय," असं म्हणून दाजींनी त्यावर काळी चिकटपट्टी लावली.

एका दुपारी रिकामी जीप चढ चढत होती आणि मी तुंबलो. खरंच तुंबलो, तोवर माझ्या मनात काही कपट नव्हतं. दाजी खाली वाकले, वाटी उघडली. सीटखालचा नवा फिल्टर त्यांना आठवला नाही. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर काढला आणि माझ्या अंगात खुपसला. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्यांदा तो मधल्या जाळीवर आपटला, त्याचं टोक कट्कन तुटलं आणि माझ्या घडीत राहिलं. दाजींना पत्ताही लागला नाही. जीप मात्र वाऱ्यासारखी पळाली, आणि खाणीवर जाऊन दाजी सांगत सुटले, "फिल्टर म्हणजे नुसतं थोतांड."

तेव्हा मी ठरवलं, हा माणूस तोंडावर पडलेला बघितल्याशिवाय मी भंगारात जाणार नाही. ते टोक मी गच्च धरलं. बाकीची सगळी घाण भोकांतून पुढे, इंजिनाला डिझेल देणाऱ्या पंपात जाऊ लागली. पंप कण्हायचा, मला ऐकू यायचं. त्या बिचाऱ्याचा काही गुन्हा नव्हता. त्याचं मला आज वाईट वाटतं, तेव्हा वाटलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात खाणीचे मॅनेजर शेजारी बसलेले असताना, ऐन चढावर, पंप अडकला. जीप मागे घरंगळली. एका मोठ्या धोंड्याला मागचं चाक अडलं म्हणून निभावलं. मॅनेजरांच्या कपाळाला टेंगूळ आलं. ट्रॅक्टरने ओढत जीप गॅरेजात आणली. खबर लागताच ताई, म्हणजे दाजींची बायको, तीही धावत आली.

"घरचं माणूस म्हणून हिच्या हाती गाडी दिली," दाजी म्हणाले. "काय बसवलं होतं कुणास ठाऊक. जीव गेला असता साहेबांचा."

मॅनेजर मिस्त्रिणीला म्हणाले, "चूक तुमची निघाली, तर आमच्या आठही गाड्या उद्या दुसरीकडे जातील."

मिस्त्रीण गाडीखाली शिरली, मला घेऊन बाहेर आली. "दाजी, मी याला इथे बसवलंच नव्हतं."

"विसरलीस तू."

"ताई, तुला तरी खरं वाटतंय का हे?"

"हे कशाला खोटं बोलतील?" ताई म्हणाली, पण बहिणीकडे न बघता.

मिस्त्रिणीचा चेहरा उतरला. तिने वाटी उघडली. पाणी, तपकिरी गाळ, आणि मी. भोकं बघून दाजी लगेच म्हणाले, "कागदच हलका. फाटला." मिस्त्रिणीने अंगठ्याने माझी एकेक घडी उलगडली आणि थांबली. टोक चिमट्याने ओढावं लागलं, इतकं मी धरलं होतं. तिने ते टेबलावर ठेवलं. लोखंडाचा एवढासा चपटा तुकडा.

ताईने तो पाहिला. मग ती जीपपाशी गेली, दाराच्या खणातून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि तुकड्याशेजारी ठेवला. तंतोतंत जुळला.

"परवा कुकरची मूठ आवळताना सारखा घसरत होता," ती म्हणाली. "मी विचारलं, तर म्हणालात, आणला तेव्हापासून असाच आहे."

दाजी छताचा पंखा बघू लागले. तो बंद होता.

मॅनेजर उठले. "आठही गाड्या इथेच राहतील. नववी, ही जीप, यांच्या सहीशिवाय खाणीत येणार नाही," असं मिस्त्रिणीकडे बोट दाखवून म्हणाले आणि कपाळ चोळत गेले.

आता दर सोमवारी सकाळी दाजी सहीसाठी येतात. भोंगे गेले, त्या जागी, उंचावर, सीटखालचा तो नवा फिल्टर बसलाय. मिस्त्रिणीने टोक पुन्हा माझ्या घडीत खोचून मला इथे लटकवलं. एकदा दाजी हळूच म्हणाले, "ते तेवढं फेकून दे की आता."

"राहू द्या, दाजी. तुमच्याच गाडीचा आहे."

तुमच्या गाडीत कुठे काळी पट्टी लावलेली असेल, तर ती आजच काढा. माझ्या जातीचा कुणी ना कुणी खाली काहीतरी धरून बसलेला असेल. माझं म्हणाल तर मला आता कुठेही जायचं नाही. दर सोमवारी दाजी बॉनेट उघडतात, स्क्रू सैल करतात, डब्यात थेंब थेंब पाणी पडतं, आणि दोन मिनिटं ते मान वर करत नाहीत. वर केली की मी दिसतो.