पायाला वेगळा, कमरेला वेगळा

मला रविवारची दुपार परत हवी होती. बाळ व्हायच्या आधी नाचाच्या हॉलमध्ये त्या वेळी गाणी मीच वाजवायचे. हाऊस या क्लबातल्या संगीताचा सरळ ठोका आणि त्याच्यावर आफ्रिकेतले, कॅरिबियन बेटांवरचे ताल. बाळंतपणात ती वेळ एका दाढीवाल्याकडे गेली. हॉल चालवणारे मामा, ते सगळ्यांचेच मामा, मला म्हणाले, "एकदा येऊन वाजव. लोक नाचले तर वेळ तुझी. नाही नाचले तर मग मला गळ घालायची नाही."

नवं गाणं करायला घेतलं. पिल्लाला कापडाने छातीशी बांधायचं, कानाला हेडफोन, एका हाताने लॅपटॉपला जोडलेले तालाचे पॅड बडवायचे आणि अंगाने झुलत राहायचं. झुलणं थांबलं की भोंगा सुरू. त्याच्या टाळूचा वास घेत घेत मी गाणं पुरं केलं आणि नणंदेला ऐकवलं. ती सोफ्यावर पाय वर घेऊन बसली, डोळे मिटले.

"कसं वाटलं?"

"अं? संपलं पण? छान डुलकी लागली गं वहिनी."

"नाचायचं गाणं आहे ते."

"असेल. नाचून दमल्यावर लाव."

तिचं खरं होतं. बाळ झोपवता झोपवता सगळं गाणंच झोपाळू झालं होतं. मी वेग वाढवला. ठोका जागा झाला, पण ढोल पाठीमागे कुत्रं लागल्यासारखे पळत सुटले. तेवढ्यात पिल्लू उठलं. आहे ते घेऊन रविवारी हॉल गाठला.

पिल्लाच्या कानांवर त्याच्या डोक्याएवढे कानबंद चढवून नणंद त्याला घेऊन दाराशी उभी राहिली. दाढीवाला माझ्या शेजारी, हाताची घडी घालून. मी गाणं लावलं.

कोणी हललं नाही. लोक भिंतीला पाठ लावून पाण्याच्या बाटल्यांची झाकणं फिरवत राहिले. लाकडी फरशीवर खिडक्यांचं ऊन पडलं होतं, आणि त्यात एकही माणूस नव्हता. मामा दुसरीकडे बघायला लागले.

पिल्लू रडत नाही ना, म्हणून दाराकडे पाहिलं. नणंद त्याला झुलवत होती, अगदी सावकाश. हॉलभर चाललेल्या पळापळीशी तिचं काही देणंघेणं नव्हतं, तरी तिची कंबर कुठे चुकत नव्हती. मी मनात मोजलं. ठोके तीन, तिचे झोके दोन. परत तीनात दोन. बेटांवरचे वादक हेच तर करतात. पाय एका चालीने, कंबर दुसऱ्या. आणि मी दोघांना एकाच गाडीला जुंपून पळवत होते.

मूळचे संथ ढोल पेन ड्राइव्हवर होतेच. ते वाजवायच्या यंत्राच्या दुसऱ्या डेकवर चढवले, पळणारे ढोल बंद केले, ठोका तसाच ठेवला.

"ताई, दोन्हीचा वेग जुळत नाहीये," दाढीवाला म्हणाला.

"जुळवायचाच नाहीये."

त्या डेकच्या चकतीला बोट लावून ढोलांना जरासं पुढे ढकललं, जरासं मागे ओढलं. आणि एका क्षणी ढोल ठोक्यावर असे बसले, जसं कडेवर पोर बसतं.

पहिली हलली ती बस चालवणारी एक बाई, अजून गणवेशातच होती. तिने बाटली खाली ठेवली आणि उन्हात आली. तिच्यामागे तिच्या मैत्रिणी. मग भिंती रिकाम्या होत गेल्या. पाय झपाझप पडत होते आणि वर कंबरा मात्र निवांत, जणू कोणालाच कुठे जायचं नव्हतं. फरशीचा थरथराट माझ्या टाचांतून वर चढला. मी ठोका क्षणभर काढून घेतला, तर नुसत्या ढोलांवर अख्खा हॉल डुलत राहिला. परत सोडला, तेव्हा सगळ्यांनी मिळून असा आवाज केला की दाढीवाल्याची हाताची घडी सुटली.

"आता याची पाळी," मामा गर्दीतून वाट काढत येऊन दाढीवाल्याकडे बोट करत म्हणाले.

"मी आज ऐकतो," दाढीवाला म्हणाला. त्याची मान डुलतच होती.

मामांनी मान खाली घालून हसू दाबलं, मग मला म्हणाले, "बरं. मग पुढच्या रविवारपासून किती वाजता येशील, ते सांग."

माझं दूध दाटून आलं होतं, कुडता ओला झाला होता. नणंद पिल्लाला उचलून दाखवत होती.

"हे गाणं संपू द्या," मी म्हटलं. "मग पिल्लाला पाजते. मग सांगते. तोवर थांबा."

आणि मामा थांबले.