मामाच्या गाडीचा टर्बो

गेल्या हंगामात जिंतूरच्या पुढच्या चढावर मला उसाच्या ट्रॅक्टरनं ओव्हरटेक केलं. मागं दोन रिकाम्या ट्रॉल्या, वर दणदणीत गाणं, आणि जाता जाता ड्रायव्हरनं मला हातसुद्धा दाखवला. आम्ही पाच जण माझ्या जुन्या पेट्रोल गाडीतून माझ्या भाचीचं, पिंकीचं, होणारं सासर बघायला निघालो होतो. मागच्या सीटवर बसलेली पिंकीची आई, माझी थोरली बहीण गोजरबाई, म्हणजे आमची आक्का, शांतपणे म्हणाली, "भारत, म्या उतरून ढकलू का?"

मी अजिबात चिडलो नाही, असं मी सगळ्यांना सांगतो. सोयऱ्यांच्या घरी मी पोह्यांना हात लावला नाही, ते पोट बरं नव्हतं म्हणून. तसं रुसण्यात ताडकळसला माझं बऱ्यापैकी नाव आहे. तिथं माझं विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान आहे, आणि गिऱ्हाइकं मोटारीआधी माझा मूड विचारतात.

खरा घाव परतताना बसला. आक्का म्हणाली, लग्न झाल्यावर पिंकीला सासरी सोडायला वैजीनाथची गाडी. वैजीनाथ आक्काचा दीर, आणि त्याची गाडी नवी, मोठी, काळी. पिंकी एवढीशी असल्यापासून सांगत आली होती की मी मामाच्याच गाडीत सासरी जाणार. तो मान मी एका ट्रॅक्टरपायी घालवला होता.

म्हणून मी गाडीला टर्बो बसवायचं ठरवलं. इंजिनातून निघणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो, त्याला जोडलेला दुसरा पंखा इंजिनात जादा हवा कोंबतो. जादा हवा, जादा पेट्रोल, जादा जोर. माझी बायको पंकजा म्हणाली, "गाडीत हवा भरायच्या आधी डोक्यातली काढा." मी परभणीला माझा मित्र सिद्धोधन याच्या गॅरेजवर गेलो.

"बसवता येतंय," तो म्हणाला, "पण आधी इंजिन सोसंल का बघू. म्हाताऱ्याला एकदम पुरणपोळी चारली तर पोट बिघडतंय."

मग आम्ही दोघांनी सगळं रीतसर केलं. इंजिनाचं कॉम्प्रेशन तपासलं, ते खणखणीत निघालं. टर्बोला तेलाची वेगळी नळी दिली, हवा थंड करायला पुढं इंटरकूलर लावला, ब्रेक नवे टाकले. पुण्याला नेऊन गाडीच्या कॉम्प्युटरात पेट्रोलचं गणित नव्यानं बसवून घेतलं. हवेचा दाब मुद्दाम कमी ठेवला. मी म्हणालो, अजून थोडा वाढव. सिद्धोधन म्हणाला, "तुला चढ चढायचाय का इंजिन फोडायचंय?" मी त्याच्यावरही रुसलो, पण दाब तेवढाच राहिला. निघताना त्यानं एकच बजावलं, की गाडी ताणून आणली तर लगेच बंद करायची नाही. थोडा वेळ उभ्यानं चालू ठेवायची, तेल फिरून टर्बो थंड होऊ द्यायचा.

लग्न आक्काच्या गावी, बोरीला. परभणीपासून गाडी अशी उचलली की पंकजानं दार घट्ट धरलं. मांडवासमोर थाटात थांबलो. पंकजा उतरून आत गेली आणि मी सिद्धोधनचा शब्द पाळत, काचा वर करून, चालू गाडीत बसून राहिलो.

लग्नघरी मुलीचा मामा गाडीतून उतरत नाही, याचा अर्थ बोरीत लहान पोरालाही कळतो. तेवढ्यात लाऊडस्पीकरवर पुकारा झाला, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. वैजीनाथ पळत आला. मी काचेआडून दोन बोटं दाखवली, म्हणजे दोन मिनिटं. तो मागं वळून ओरडला, "दोन फेटे मागायलेत!"

फेटे आले, नारळ आला, बँडवालेही मांडव सोडून गाडीपाशी आले. शेवटी आक्का आली. डोळ्यांत पाणी घेऊन म्हणाली, "उतर बाबा. तू कशापायी रुसलास ते मला कळना का? पिंकी तुझ्याच गाडीत जाईल."

आक्का, टर्बो थंड व्हायलाय, एवढंच मला सांगायचं होतं. मी सांगितलं नाही. किल्ली फिरवली आणि मोठ्या मनानं उतरलो. एवढा खटाटोप करून बसवलेल्या टर्बोनं काहीच केलं नव्हतं, काम रुसव्यानंच झालं होतं, आणि ते तर मला फुकटात जमत होतं.

उन्हं उतरताना पिंकीला घेऊन निघालो. शेजारी नवरदेव, मागं पिंकी आणि पंकजा. जिंतूर मागं पडलं आणि तो चढ आला. मी पाय दाबला. गाडी सरसर वर निघाली, टर्बोच्या दाबाचा काटा उठला, आणि मी आरशात बघितलं, भाचीला कौतुक वाटतंय का म्हणून.

पिंकी रडत होती. मघापासून रडत असणार, माझंच लक्ष काट्यावर होतं.

"मामा," ती म्हणाली, "मला सोडायची लय घाई झालीय का?"

गावापासून तिला लांब न्यायचा रस्ता मी पैसे खर्चून, डोकं लावून, सगळी काळजी घेऊन छोटा केला होता. एवढी काळजी घेताना हे कसं सुचलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं. मी पाय उचलला. काटा खाली बसला आणि गाडी पूर्वीसारखी रांगायला लागली. पिंकी मागच्या काचेतून बोरीच्या बाजूला बघत राहिली.

थोड्या वेळानं मागून भोंगा वाजला. उसाचा ट्रॅक्टर होता. मी गाडी कडेला घेऊन त्याला वाट दिली, आणि या वेळी मीच हात दाखवला.