खोडलेली उत्तरे

चाळीस वर्षे यंत्रांचे नकाशे काढलेल्या आजोबांना कारण सापडल्याशिवाय कोणताही दोष मान्य नसे. म्हणूनच सातवीतली नात गणितात नापास झाली, तेव्हा घरात सर्वांनी कपाळाला हात लावला आणि आजोबांनी उत्तरपत्रिका मागितली. फेरपरीक्षा दहा दिवसांवर होती. तीतही घसरली, तर वर्ष वाया जाणार होते.

"आजोबा, उगाच डोळे शिणवू नका," नात म्हणाली. "गणिताचा आणि माझा छत्तीसचा आकडा आहे."

"चला, एक आकडा तरी पाठ आहे म्हणायचा."

गणित पेन्सिलीने लिहायची त्या शाळेची रीत होती. आजोबांनी कागद खिडकीशी नेऊन उजेडात तिरपा धरला. नकाशावरची खोडलेली रेघ अशीच वाचतात. शिसे निघून जाते, टोकाचा दाब मात्र उरतो. चुकलेल्या बारा उत्तरांखालचे जुने आकडे हळूहळू उमटू लागले. ते वहीत उतरवून आजोबांनी एकेक गणित स्वतः सोडवून पाहिले.

"सूनबाई, जरा इकडे ये. बारापैकी नऊ उत्तरं हिनं आधी बरोबर लिहिली होती."

"मग खोडलीस कशाला गं?" आईने विचारले.

"पटकन आलं की वाटतं, मला इतकं सहज कसं येईल? चुकलंच असणार."

आजोबांनी अपूर्णांक शिकवायचा बेत तिथेच सोडला. दुसऱ्या दिवसापासून एकच नियम लागू झाला: उत्तर खोडण्याआधी चूक कोणत्या पायरीवर आहे, तिथे बोट ठेवायचे.

"आणि नुसतंच वाटलं तर?"

"वाटण्यावर कारखाना चालत नाही, बाई."

पहिले दोन दिवस बोट कागदावर भिरभिरले आणि रिकामेच परतले. चौथ्या दिवशी ते एका वजाबाकीवर थांबले. "ही खरी चूक," नात म्हणाली, आणि चूक सापडल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर मावेना.

निकालाच्या दिवशी आजोबा शाळेच्या फाटकापाशी उभे होते. नात धावत आली.

"अडुसष्ट. आठवीचं पुस्तक आजच आणू या?"

"आणू," आजोबा म्हणाले, "पण आधी मला जरा बसू दे." आणि ते शाळेच्या पायरीवरच टेकले.