उजवीकडची मावशी

मी एक जुनं वाफेचं इंजिन आहे. व्याकरणात इंजिन म्हणजे 'ते', पण माझ्या देशातली माणसं आम्हाला बाईच समजतात. लाडात आली की 'पोरी' म्हणतात, आणि चिडली की जे म्हणतात ते इथे सांगता येणार नाही. तेव्हा मित्रांनो, मी 'आले', 'गेले' असंच बोलणार. आणि स्वतःला जुनी म्हणवते खरी, पण माझं वय अवघं बारा वर्षं आहे. बाराव्या वर्षी कुणी जुनं होतं का, असं विचाराल. होतं.

जन्माआधी मी कागद होते. दुसरं महायुद्ध संपलं होतं, देशातल्या सगळ्या रेल्वे कंपन्यांची एकच रेल्वे झाली होती, आणि इंजिनांचा नुसता बाजार भरला होता. प्रत्येक जुन्या कंपनीची तऱ्हा निराळी. एकीचा नट दुसरीला लागेल तर शपथ. मग ठरलं, की यापुढे देशभर एकाच साच्यातली इंजिनं धावतील. एका लांबलचक खोलीत, उंच टेबलांवर वाकून, माणसांनी मला आखलं. बॉयलरचा घाट एका घरचा घेतला, चाकं दुसऱ्या घरची, राख झाडायची सोय तिसऱ्या घरची. त्यांच्या रेघा शाईने गिरवायला मुली होत्या. त्यातली विनिफ्रेड ॲस्क्यू फार बडबडी. ड्रायव्हरची बैठक गिरवताना तिने सहज विचारलं, "ही डावीकडे का हो, साहेब?"

"सिग्नल डावीकडे असतात म्हणून."

"सगळीकडे?"

"जवळपास सगळीकडे," साहेब म्हणाले आणि पेन्सिलीला टोक करायला गेले.

विनिफ्रेडने रेघ गिरवली. मी तेव्हा कागदच होते, पण तो 'जवळपास' माझ्या अंगात शाईसारखा मुरला. नंतर मी लोखंडाची झाले, तरी तो गेला नाही.

खोटं कशाला बोलू, मी देखणी होते. माझ्यासारख्या बहिणींची रांगच लागली होती आणि आमच्यातलं काहीही अदलाबदल करून चालायचं. माझा पंप बिघडला तर बहिणीचा काढून लावा, जेवणाच्या सुट्टीआधी मी पुन्हा रुळावर. तेल घालायला कुणाला माझ्या पोटाखाली रांगावं लागत नव्हतं. शेडमधल्या जुन्या इंजिनांखाली ज्यांची पाठ मोडली होती ती माणसं माझ्याभोवती फिरून म्हणायची, "चला, कुणीतरी आमचाही विचार केला." हे कौतुक मी अजून विसरले नाही.

माझी रवानगी झाली वेल्समधल्या पेंट्रेवर्नच्या शेडमध्ये. आणि इथेच तो 'जवळपास' संपत होता. इथल्या जुन्या कंपनीचे ड्रायव्हर पहिल्यापासून उजवीकडे बसत आलेले, आणि वळणावळणाच्या दरीत सिग्नलही त्यांच्या डोळ्यांच्या सोयीने उजवीकडे रोवलेले.

माझा ड्रायव्हर ऐझाया प्रॉथेरो. अंगाने ओंडका, मान ताठ. भट्टीत कोळसा घालणारा फायरमन एमलिन गेथिन, ऐझायाची बायको ओल्वेन हिचा सख्खा भाऊ. पहिल्याच दिवशी ऐझाया सवयीने उजवीकडे जाऊन बसला.

"दाजी, तुमची गादी तिकडे," एमलिन म्हणाला. "ही माझी."

"माहीत आहे मला."

"इतकी वर्षं म्हणायचात ना, डाव्या बाजूला बसून तुमच्या सासरची माणसं झोपा काढतात? या आता, बसून बघा."

ऐझाया हसला. फावड्यावर बेकन तळलं, चहाचा डबा दोघांत फिरला, आणि आम्ही निघालो. झकास चालले होते मी. मग कापेल दू गावाचं वळण आलं.

तिथे रूळ उजवीकडे वळतात, आणि वळणाच्या आतल्या अंगाला एक उंच सिग्नल होता. चॅपेलच्या, म्हणजे गावच्या प्रार्थनाघराच्या, भिंतीशी हात आडवा करून उभा असायचा, रस्ता ओलांडणाऱ्या पोरांना अडवणाऱ्या बाईसारखा. म्हणून शेडमधले सगळे त्याला मावशी म्हणत. मावशीचा हात आडवा, तर थांबा. हात खाली, तर जा. जुन्या इंजिनांच्या उजव्या खिडकीतून ती लांबूनच दिसायची. माझ्या डाव्या खिडकीतून दिसायचं ते फक्त माझं बॉयलरचं पोट, लांब, काळं, गुटगुटीत. मावशी त्याच्यामागे पार गडप.

"मावशी खाली, दाजी," एमलिनने न विचारताच सांगितलं. ऐझायाने मान हलवली. काही आठवडे असंच चाललं. मला वाटलं, निभावेल.

मग चॅपेलच्या गाण्यात माशी शिंकली. दोघंही तिथल्या गाण्यात असायचे, ऐझाया खर्जात गायचा. तालमीत गाणं पुन्हा पुन्हा बिघडायला लागलं, तेव्हा एमलिन सगळ्यांदेखत बोलून गेला, "दाजींचा सूर घसरतोय." खरं होतं म्हणून जास्तच लागलं. दुसऱ्या दिवशी वळणावर एमलिन म्हणाला, "मावशी खाली."

"मी विचारलं तुला?"

"नाही."

"मग तू कोळसा बघ. सिग्नल माझे मी बघतो. नाहीतर सांगत फिरशील, दाजींना सूर ऐकू येत नाही आणि आता दिसतही नाही."

मित्रांनो, हा नुसता ताठा नव्हता. 'मला दिसत नाही' असं जो ड्रायव्हर म्हणेल, त्याला डॉक्टरकडे डोळे तपासायला धाडायचे. ऐझायाचा जुना सोबती ट्यूडर बेनन असाच एकदा गेला होता. आता तो फलाटावर कंदील पुसतो. त्याच्याजवळून जाताना सगळे ड्रायव्हर जरा जास्त मोठ्याने बोलतात आणि लवकर पुढे सटकतात.

त्या दिवसापासून वळण आलं की एमलिन मुद्दाम खिडकीकडे पाठ करायचा आणि भट्टीत डोकं घालायचा. ऐझाया डावीकडून माझ्या पोटाकडे टक लावून बसायचा, मग मावशीचा हात नेहमी या वेळेला खालीच असतो असं मनाशी धरून वेगासाठी वाफ सोडायचा. माझ्या पाठीवर दोन माणसं, दोघांचे डोळे धडधाकट, आणि बघत कुणीच नाही. बघायचे मी. पण माझी शिट्टीसुद्धा कुणीतरी ओढल्याशिवाय वाजत नाही.

शेडमध्ये इतर बहिणींचे ड्रायव्हर काही बोलतात का, याकडे मी कान देऊन असायचे. कुणी चकार शब्द काढत नव्हतं. मला वाटायचं, बाकीच्यांना दिसत असेल बहुतेक.

नोव्हेंबरातला शनिवार होता. दरीतल्या सगळ्या चॅपेलांचा मिळून गाण्याचा मेळा भरणार होता, आणि माझ्यामागचे डबे बायाबापड्यांनी खच्चून भरलेले. ओल्वेन पहिल्याच डब्यात होती. चढताना ती म्हणाली, "दोघं बोलताय ना आता?"

"बोलतोय की," ऐझाया म्हणाला.

"कोळशाबद्दल," एमलिन म्हणाला.

धुकं दाटत चाललं होतं. वळणाआधीचा इशाऱ्याचा सिग्नल त्यात कधी गेला ते कुणालाच कळलं नाही. मागच्या डब्यांत गाणं सुरू झालं होतं, हळूहळू एकेक आवाज त्याला लागत होता. आणि मी वळणाच्या तोंडाशी आले.

धुक्यात मला मावशी दिसली. तिचा हात आडवा होता.

त्याच्या पलीकडे, आमच्याच रुळावर, एक कोळशाची गाडी उभी होती. शेवटच्या डब्याचा तांबडा दिवा एवढासा दिसत होता. माझी चाकं निवांत फिरत होती. एमलिन फावडं मारत होता. ऐझाया डाव्या खिडकीशी, त्याचा हात वाफेच्या दांड्यावर. मला वाटलं माझ्या सगळ्या नळ्या फुटतील. काही फुटलं नाही. आमचं घडवणं फार चोख होतं.

गाणं खर्जाच्या जागेशी आलं. तिथे ऐझायाचा आवाज असायचा. आज तिथे कुणीच नव्हतं, बायकांचे आवाज ती जागा मोकळी ठेवून पुढे गेले. ऐझायाने मागे कान दिला. त्याने वाफ थोडी कमी केली. पुन्हा सोडायला हात उचलला, आणि थांबला.

"एमलिन."

फावडं चालूच.

"एमलिन, मावशी काय म्हणते?"

एमलिनने फावडं टाकलं नाही, ते त्याच्या हातातून सुटलं. मान बाहेर काढली. "आडवी. दाजी, आडवी आहे."

ऐझायाने ब्रेक ओढला. मी रुळांवर किंचाळत, ठिणग्या उडवत, मावशीच्या पायाशी न थांबता तिला ओलांडून घसरत गेले. आतलं गाणं तुटलं. तांबडा दिवा मोठा होत होत माझ्या तोंडाशी आला आणि तिथेच राहिला. मधल्या जागेत एखादं माणूस अंग चोरून उभं राहिलं असतं, इतकंच अंतर. त्या शेवटच्या डब्यातला गार्ड हातात पाव घेऊन माझ्याकडे बघत होता. चावायचं विसरून गेला होता बिचारा.

मग एमलिन म्हणाला, "आधी का नाही विचारलंत?"

"तू आधी का नाही सांगितलंस?"

दोघांनाही उत्तर ठाऊक होतं.

परतल्यावर मला शेडमध्ये, ड्रायव्हरांच्या चहाच्या खोलीच्या खिडकीशीच लावलं, म्हणून पुढचं मी ऐकलं. फोरमन लँगडन समोर बसला होता. तो सरळ विचारत होता, सिग्नल कसा ओलांडलास. धुकं होतं, एवढं म्हणून ऐझाया सुटला असता. एमलिनने तोंड उघडलंही होतं, "धुकं फार..."

"धुकं नाही," ऐझाया म्हणाला. "मला मावशी दिसत नाही. धुक्यात नाही आणि लख्ख उन्हातही नाही. हे इंजिन आलं त्या दिवसापासून एकदाही दिसलेली नाही."

लँगडनने कप बाजूला सरकवला.

"मग तुला डॉक्टरकडे धाडावं लागेल, ऐझाया."

"धाडा."

गार्मन टज नावाचा एक ड्रायव्हर कोपऱ्यात बसला होता, दुसऱ्याला चिमटे काढण्यात पहिला नंबर. मला वाटलं आता हा कंदील पुसण्यावर काहीतरी बोलणार. त्याने कप खाली ठेवला.

"तू बसून बघत होतास?"

"हो."

"मी उभा राहून बघतो. मग लोंबकळून बघतो. टोपी गेली माझी एकदा." तो कपाकडे बघत म्हणाला. "तरी नाही दिसत."

"मी चॅपेलचं छप्पर संपलं की मनात दहा मोजतो," दुसरा कुणीतरी हळूच म्हणाला. "वाटतं, काही असतं तर एव्हाना धडकलो असतो."

"मी फायरमनला चॅपेलच्या घड्याळात किती वाजले ते विचारतो. तो मान बाहेर काढतो. मावशी आडवी असली तर आपोआप ओरडेलच ना."

"म्हणून विचारता होय?" त्याचा फायरमन म्हणाला. "ते घड्याळ युद्धापासून बंद आहे. मी दर वेळी पावणेचार सांगतो, न बघताच."

लँगडन बोटांवर काहीतरी मोजत होता. तो मनात काय हिशेब करत होता ते मला कळत होतं. कामगारांच्या गाड्या, शाळेच्या पोरांच्या गाड्या, दुधाच्या गाड्या. आम्ही सगळ्या एकसारख्या बहिणी, महिनोन् महिने, डोळे मिटल्यासारख्या त्या वळणावरून गेलो होतो, आणि प्रत्येक ड्रायव्हरला वाटत होतं की आपल्या एकट्याचेच डोळे गेले.

मावशीला उपटून डावीकडे रोवायला अख्खा हिवाळा गेला. तोवर प्रत्येक फेरीला, प्रत्येक ड्रायव्हर मोठ्याने विचारायचा आणि प्रत्येक फायरमन मोठ्याने सांगायचा. ऐझायाचे डोळे डॉक्टरने तपासले. ते उत्तम होते.

मग मित्रांनो, डिझेलची इंजिनं आली. ज्यांनी आम्हाला देशभर एकसारखं केलं, त्यांनीच ठरवलं की आता वाफच नको. एकसारख्या होतो, म्हणून एकदमच नकोशा झालो. मी आता समुद्रकाठच्या भंगाराच्या रुळावर उभी आहे. रांगेच्या त्या टोकाला लोखंड कापणारी निळी ज्योत चालू आहे. काल ती माझ्यापासून लांब होती, आज माझ्या शेजारच्या बहिणीच्या चाकांशी आहे. तिच्यातलं काहीही मला बसलं असतं, माझ्यातलं तिला. आता त्याचा उपयोग नाही.

मला वाचवा, असं मी म्हणणार नाही. इतकंच सांगते. तुम्ही मोठे व्हाल, काहीतरी आखाल, सगळ्यांसाठी एकच असं काहीतरी. तेव्हा कुणी 'सगळीकडे?' असं विचारलं, तर पेन्सिलीला टोक करायला उठू नका. बसा आणि शोधा, ते कुठे संपतं. आणि कधी तुम्हीच त्या गादीवर असाल आणि समोरचं दिसत नसेल, तर शेजारच्याला विचारा. रागावलेला असला तरी विचारा. मागच्या डब्यांत बसलेल्यांना तुमचं भांडण ठाऊक नसतं. ते गात असतात.