दोन डॉक्टर आणि माझे सात खण

मी एक जुनी, सात खणांची गोळ्यांची डबी आहे. माझ्या झाकणांवरची बुधवार आणि शुक्रवारची अक्षरं पुसून गेली आहेत, तरी वार मी कधी चुकवला नाही, हे आधीच सांगून ठेवते. मित्रांनो, जे चुकलं ते माझ्या पोटात चुकलं. म्हणून ते सांगायचं कामही माझंच.

माझा जन्म प्लास्टिकच्या कारखान्यात झाला. रत्नागिरीच्या एका औषधाच्या दुकानात माझ्या मालकिणीने, रुकैयाने, माझं एकेक झाकण उघडमीट करून पाहिलं आणि दुकानदाराला "टिकेल ना हो?" असं विचारलं. अपमानच तो! पुढे कोकमं आणि सुके सोडे यांच्या मधे बसून मी कतारला आले. महिनाभर माझ्या अंगाला सोड्यांचा वास येत होता.

आमचं घर दोहात, मदिनत खलीफा नावाच्या भागात. रुकैयाचा नवरा उस्मान एका कंपनीच्या स्टोअरमध्ये सुपरवायझर आहे आणि मुलगी माहिरा अकरावीत शिकते. रुकैयाला ब्लडप्रेशर आहे. दर शुक्रवारी उस्मान जुम्म्याच्या नमाजाला गेला की ती मला भरायला बसे. एका खणात एक गुलाबी गोळी. ती रत्नागिरीच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली. सुट्टीवरून कोणी परतणार असलं की सहा महिन्यांच्या गोळ्या त्याच्या बॅगेतून यायच्या. आखातातल्या आपल्या घरांत हे असंच चालतं.

यंदा गोळ्या संपल्या आणि लगेच आणणारं कोणी मिळेना. मग उस्मान तिला जवळच्या हेल्थ सेंटरमध्ये घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, सध्या काही औषध चालू आहे का? रुकैया नाही म्हणाली. ते खरंच होतं, गोळ्या संपून पंधरा दिवस झाले होते. बाईंनी एक पांढरी गोळी सुरू केली. पुढच्या महिन्यांच्या गोळ्यांसाठी नुसता फोन करायचा, हेल्थ कार्डाचा नंबर सांगायचा, घरावरच्या निळ्या पाटीवरचा पत्ता द्यायचा. औषध दारात येतं. माहिराने आपल्या मोबाइलवर तारीख लावली आणि म्हणाली, "अम्मी, डन. सो सिंपल!"

दहा दिवसांनी रुकैयाचा धाकटा भाऊ उमैर सुट्टीवरून आला. तो कतारमध्येच, अल खोर गावात राहतो. बिचाऱ्याने आठवणीने सहा महिन्यांच्या गुलाबी गोळ्या आणल्या होत्या.

"आपा, तुझं तर इथलं औषध सुरू झालंय. मग याचं काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे? दोन्ही घेणार. वीस वर्षं ज्या डॉक्टरांनी मला बघितलं, त्यांचं मन मोडू होय? आणि या बाईंनीही एवढ्या मायेने तपासलं."

उमैरला ते पटलं. त्या शुक्रवारपासून माझ्या प्रत्येक खणात दोन गोळ्या पडू लागल्या. आणि मी वेडी, भरलेली दिसते म्हणून खूश!

हळूहळू रुकैयाचे पाय सुजले. चपलेत पाऊल जाईना. उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची, तेव्हा ती ओट्याला धरून उभी राहायची. पण घरात एक शब्द नाही. का, ते मला तिच्या फोनवरून कळलं. ती गावच्या बहिणीला सांगत होती, "यांना कळलं तर म्हणतील, तू गावीच जाऊन राहा. मागच्या वर्षी बोललेच होते. मग माझ्या पोरीपाशी कोण?" मला फार वाईट वाटलं.

महिना संपत आला तेव्हा माहिराने गोळ्यांसाठी फोन लावला. पलीकडच्या फार्मासिस्टने हिंदीत विचारलं, याशिवाय आणखी काही घेतात का? माहिराने मला उघडलं आणि प्रत्येक खणात दोन गोळ्या पाहून दोन्ही पाकिटं शोधून आणली. मोठ्या अक्षरांतली नावं वेगळी होती. खालच्या बारीक अक्षरांत मात्र दोन्हींवर एकच औषध होतं. रुकैया रोज दुप्पट डोस घेत होती!

"अम्मी!" माहिराने हाक मारली. रुकैया स्वयंपाकघरातून आली ती दाराला धरून खालीच बसली. फोनवरचा माणूस म्हणाला, एकही गोळी देऊ नका, लगेच हेल्थ सेंटरला घेऊन या.

संध्याकाळी ती तिथून परत आली. प्रेशर फारच उतरलं होतं, पण वेळेवर पोचली. उस्मानने मला मांडीवर घेतलं आणि एकेका खणातून गुलाबी गोळी वेचून काढली.

"एवढी चक्कर येत होती आणि बोलली नाहीस?"

"तुम्ही गावी पाठवलं असतं."

उस्मानने मला बाजूला ठेवलं. "ते मी काळजीने बोललो होतो गं. तू कुठेही जाणार नाहीस, खलास, विषय संपला!"

रुकैया रडली. मग नाक पुसत म्हणाली, "पण रत्नागिरीच्या डॉक्टरांना काय सांगायचं?"

"खरं सांगायचं," माहिरा म्हणाली. "मी मेसेज करते."

मित्रांनो, तुमच्या घरी कोणाच्या गोळ्या मागवायच्या असतील, तर आधी घरातली सगळी पाकिटं एका जागी मांडा. गावची, इथली, पाहुण्यांनी आणलेली, सगळी. बारीक अक्षरं वाचा आणि शंका आली तर विचारा. आणि कोणाला बरं वाटत नसेल, तर त्याला न घाबरता सांगता येईल असं घर ठेवा. मला सात तोंडं असून रुकैयासाठी एक शब्द बोलता आला नाही. तुम्हाला येतो.