काळ्या भिंतीवर फिरलेली सुई

साहेब, तुम्ही मला खोटा ठरवलंत. नुसतं ठरवून थांबला नाहीत. माझ्या कडीला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलीत, तिच्यावर लाल शाईनं 'नादुरुस्त' लिहिलंत आणि कपाटाच्या तळच्या फळीवर, फुटक्या दौतींच्या शेजारी मला ढकलून दिलंत. तुमचं नाव मी घेत नाही. तुमच्या खुर्चीवर आज दुसरं कुणी बसत असेल, तर त्यानंही हे स्वतःलाच बोललेलं समजावं.

मित्रांनो, मी एक जुनं होकायंत्र आहे. तळहातावर मावेल एवढी पितळेची डबी. झाकणाला आतून आरसा, खाली काच आणि काचेखाली एका बारीक टोकावर तोललेली सुई. माझा जन्म विलायतेतला. ज्या म्हाताऱ्या कारागिरानं माझी सुई तोलली, तो श्वास रोखून काम करायचा, कारण श्वासानंही सुई ढळते. जे ओढील तिकडं वळायचं, एवढंच काम त्यानं माझ्याकडं दिलं. खोटं बोलणाऱ्याला काहीतरी हवं असतं. मला कधी काही नको होतं.

बोटीनं मी मुंबईला आलो, तिथून पुण्याच्या कचेरीत, आणि कचेरीतून रमाकांतच्या हातात. रमाकांत भूशास्त्र शिकलेला तरुण. डोक्यावर सोला हॅट, कमरेला हातोडी, गळ्यात भिंग. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत कुठं कोणता खडक आहे, एक थर कुठं संपतो, दुसरा कुठं सुरू होतो, कुठं जमिनीला तडा गेला आहे, हे सगळं चालत जाऊन पाहायचं आणि रंगीत पेन्सिलींनी नकाशावर उतरवायचं, हे त्याचं काम. ही गोष्ट पन्नास सालानंतरची. कालव्याखाली ऊस डोलत होता, भवानीनगरला साखर कारखान्याची उभारणी चालली होती. पण कालव्याचं पाणी चढण चढत नाही. कालव्याच्या वरच्या अंगाला नुसता माळ. कुसळं, हिवराची खुरटी झाडं आणि उन्हानं तडकलेले दगड. आम्ही दोघं त्या माळावर हिंडायचो.

तुम्हांला वाटेल, दगड तो दगड. मलाही तसंच वाटायचं. पण रमाकांत ओढ्याच्या काठाशी पोटावर झोपून भिंगातून दगड बघायचा आणि आपल्याशीच बोलायचा. ते मी ऐकलं आणि माझी सुई थरथरली. तो म्हणायचा, हा सगळा मुलूख एकदा विस्तव होता. जमिनीला मैलोन् मैल लांब भेगा पडल्या, त्यांतून तापलेला रस वर आला आणि पुराच्या पाण्यासारखा पसरला. तो निवाला, त्याचा काळा पाषाण झाला. मग पुन्हा पूर, पुन्हा पाषाण. ज्या थरात वाफेचे बुडबुडे अडकले, त्याला आज भोकं दिसतात. आणि दोन थरांच्या मधे कुठं कुठं गेरूसारखा तांबडा पट्टा आहे. तो पट्टा म्हणजे त्या काळची माती. दोन विस्तवांच्या मधे इतका निवांत काळ गेला, की दगडाची माती झाली. तिच्यावर पाऊस पडला असेल, काहीबाही उगवलंही असेल. ते बघायला माणूस नव्हता. माणसाचं नावसुद्धा कुठं नव्हतं.

कळसच्या अलीकडं एका ओढ्यात तो तांबडा पट्टा दरडीतून सरळ चालला होता. चालता चालता एकदम तुटला. रमाकांतनं पुढं जाऊन शोधला, तर पलीकडं पुरुषभर खाली तोच पट्टा पुन्हा सुरू. जमिनीला तडा गेला होता आणि एक बाजू आख्खीच्या आख्खी खाली बसली होती. रमाकांतनं एक हात वरच्या पट्ट्यावर ठेवला, दुसरा खालच्या पट्ट्यावर, आणि कितीतरी वेळ तसाच उभा राहिला. देवळात माणसं उभी राहतात तसा.

त्याच ओढ्याच्या वर एक वस्ती होती. पाचपंचवीस घरं. तिथल्या बाया उन्हाळ्यात घागरी घेऊन कालव्यावर जायच्या आणि चढण चढून परत यायच्या तोवर लेकरं रडून झोपलेली असायची. छबूबाई त्यांतली एक. बोलायला तिखट, पण पाहुण्याला पाणी दिल्याशिवाय सोडायची नाही. वस्तीला सरकारी विहीर मिळणार होती. ती कुठं खणायची, हे रमाकांतच्या नकाशावरून ठरायचं होतं.

वस्तीजवळून काळ्या दगडांची एक रांग गेलेली आहे. कुणी बांधावी तशी सरळ. लोक तिला भिंतच म्हणतात. जुन्या खडकांना पडलेली भेग, तिच्यात खालून रस चढला आणि तिथंच गोठला, त्याची ती भिंत. जमिनीवर कमरेइतकी दिसते, जमिनीखाली किती खोल आहे कुणाला ठाऊक. रमाकांत तिच्यावर चढला. भिंतीची दिशा मोजायला त्यानं मला उघडून दगडावर ठेवलं.

मित्रांनो, माझी सुई फिरली. उत्तर सोडून भलतीकडं गेली.

"च्यायला, तुला काय झालं?" रमाकांत म्हणाला. त्यानं मला उचललं, लांब नेलं. सुई सरळ. परत दगडावर ठेवलं. सुई फिरली. तो चार वेळा उतरला आणि चार वेळा चढला. मग तो खाली बसला आणि त्यानं त्या दगडावर हात ठेवला.

तोवर वस्तीवरची माणसं जमली होती. रावजीतात्या, वस्तीतले जाणते, काठी टेकवत पुढं आले.

"काय वो दगडसाहेब, डबीला भोवळ आली का काय?"

"तात्या, दगडच सुईला ओढतोय. ह्यात लोखंडाचे कण आहेत. दगड तापलेला होता तेव्हा ते मोकळे होते. निवता निवता त्या वेळची उत्तर जिकडं होती, तिकडं तोंड करून ते गोठले. आणि तेव्हाची उत्तर आजची नव्हती. आपल्याकडच्या पुष्कळ दगडांची तोंडं उलटीकडं आहेत, असं शोधणारे आता कुठं म्हणायला लागलेत."

छबूबाई भिंतीला हात लावून म्हणाली, "म्हंजी आपून सगळी एकीकडं, आन् ह्यो एकटाच दुसरीकडं तोंड करून बसलाय म्हना की."

"एकटाच, आणि कोट्यवधी वर्षं," रमाकांत म्हणाला.

मी आयुष्यभर उत्तर दाखवत आलो. उत्तर कधी काळी दुसरीकडं होती, हे मला माहीत नव्हतं. मला कारखान्यात बनवणाऱ्यालाही माहीत नव्हतं. त्या दगडाला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी रमाकांत इंदापूरच्या बाजूला गेला आणि इकडं घोटाळा झाला. त्या मुलखात पाणी बघणारा पाणाड्या तळहातावर नारळ घेऊन रानात फिरतो आणि नारळ उभा राहिला की म्हणतो, हितं खणा. वस्तीनं तेच ताडलं. नारळ फिरतो तशी डबी फिरली, म्हणजे पाणी तिथंच. त्यांनी भिंतीला हळदकुंकू लावलं, पाच बायांनी ओटी भरली आणि ऐन भिंतीवरच पहारी घातल्या. त्या मुलखातला सगळ्यांत कठीण दगड निवडून निवडून खणायला घेतला.

रमाकांत परत आला तेव्हा कमरेइतका खड्डा झाला होता, दोन पहारी मोडल्या होत्या आणि गड्यांच्या हातांची सालटं निघाली होती. पाण्याचा थेंब नव्हता.

"इथं कुणी खणायला सांगितलं?"

"तुमच्या डबीनं," छबूबाई म्हणाली. "आता बोला तिला."

रमाकांत हसला नाही. त्यानं हातोडीनं जमिनीवर रेघ ओढली. "ही भिंत. जमीन इकडून तिकडं उतरते. वरून मुरणारं पाणी मुरुमातून सरकत येतं आणि हिच्याशी अडतं. पाणी भिंतीत नाही. भिंतीच्या पाठीशी, वरच्या अंगाला आहे. तिथली हरळी बघा. वैशाखातही हिरवी आहे."

"मागच्या टायमाला डबी, ह्या टायमाला हरळी," रावजीतात्या म्हणाले. "पोरांचं हात फुटल्यात, साहेब. आता जे खणायचं ते सरकारनं खणावं. तुमी तेवढं कागदावर बरुबर जागंला लिवा."

"लिहितो," रमाकांत म्हणाला. त्यानं भिंत लांब उभं राहून मोजली, नकाशावर ठळक रेघ ओढली, वरच्या अंगाला विहिरीची खूण केली आणि कडेला प्रामाणिकपणे टीप दिली: इथे खडकामुळे सुई फिरते.

त्या टिपेनंच घात केला. आता पुढचं मी कचेरीच्या टेबलावरून पाहिलेलं सांगतो.

साहेब, तुम्ही विचारलंत, "एकच भिंत. लांबून मोजली तर सरळ, जवळून मोजली तर भलतीकडे. हे काय आहे?"

"जवळ गेलं की दगड सुईला ओढतो, साहेब."

तुम्ही मला टेबलावर ठेवलंत. मी उत्तर दाखवली.

"इथं तर बरोबर दाखवतंय."

"दाखवणारच. इथं टेबल आहे. भिंत नाही."

"म्हणजे कधी बरोबर, कधी चूक. त्यालाच आपण नादुरुस्त म्हणतो, रमाकांत."

"एक दिवस चला, साहेब. जीप ओढ्यापर्यंत जाते."

"मला तेवढाच उद्योग आहे?" असं म्हणून तुम्ही खोडरबर घेतलंत. विस्तवातून जन्मलेली, माणसाच्या आधीची, माणसाच्या नंतरही उभी राहील अशी भिंत. ती खोडायला तुम्हांला जराही वेळ लागला नाही. रबराचा चुरा तुम्ही फुंकरीनं उडवलात. भिंत गेली, तिच्याबरोबर वरच्या अंगाची खूणही गेली, आणि विहिरीची जागा रस्त्याच्या कडेला ठरली. म्हणजे भिंतीच्या खाली, कोरड्या बाजूला. रमाकांतची बदली कोकणात झाली आणि मी कपाटात गेलो.

काम सुरू व्हायच्या आधी छबूबाई आणि रावजीतात्या पुण्याला आले. कपाटातून मी आवाज ओळखला.

"आमची हीर रस्त्याच्या कडंला नगं, साहेब. भिंतीच्या वर पायजे."

"कुठली भिंत? नकाशात भिंत नाही."

"नकाशात न्हाय, पर रानात हाय की," छबूबाई म्हणाली. "आमच्या शेळ्या रोज चढत्यात तिच्यावर."

"शेळ्यांनी नकाशा बघितला नसंल," रावजीतात्यांनी पुस्ती जोडली.

"तुम्ही आधी खणलंत ना तिथं? कोरडं निघालं."

"व्हय. ती चूक आमचीच. डबी फिरली तितंच आमी खणलं. दगडसाहेब म्हनलं हुतं, पानी तिच्या पाठीमागं हाय." छबूबाईनं ओच्यातून त्या खड्ड्यातला दगड काढून टेबलावर ठेवला. "कोकनात जाताना ह्यो देऊन गेलं. म्हनलं, कुनी न्हाय म्हनलं तर डबीजवळ धरा."

तिनं डबी मागितली, तसं शिपायानं मला बाहेर काढलं. चिठ्ठीसकट. टेबलावर मी उत्तर दाखवली. छबूबाईनं दगड जवळ सरकवला. सुई थरथरली, जागची सुटली आणि फिरली. तिनं दगड मागं घेतला. सुई परत आली. पुन्हा सरकवला. पुन्हा फिरली.

टंकलेखन करणाऱ्याचा हात थांबला. शिपाई वाकून बघत राहिला. आणि मला, मित्रांनो, त्या टेबलावर पुन्हा तोच माळ आठवला. पृथ्वी विस्तवानं लाल झालेली, बघायला कुणी नाही, आणि त्या निवत्या रसातला एक एक कण तेव्हाच्या उत्तरेकडं तोंड वळवून गप्प होतोय. तो क्षण एका बाईच्या ओच्यातून पुण्याच्या कचेरीत आला होता आणि तुमच्या कागदांवर बसला होता, साहेब. इतका जुना साक्षीदार तुमच्यासमोर पुन्हा कधी येणार होता?

तुम्ही चष्मा काढलात, पुसलात, परत घातलात आणि म्हणालात, "बघू."

"बघितलं की आत्ता," छबूबाई म्हणाली.

तुम्ही शिपायाला मान हलवून सांगितलंत. मी पुन्हा कपाटात गेलो. चिठ्ठी तशीच राहिली.

पुढल्या उन्हाळ्यात कारकून एकमेकांत बोलत होते. कळसकडची ती विहीर कोरडी गेली म्हणे. रस्त्याच्या कडेची. तुम्ही म्हणालात, तिथली जमीनच तशी. नवी विहीर काही मंजूर झाली नाही.

मित्रांनो, माझी काच आता धुरकटली आहे. सुई अजून शाबूत आहे. तुमच्या हातात कधी एखादं यंत्र आलं आणि त्यानं नेहमीपेक्षा वेगळं काही सांगितलं, तर त्याला फेकू नका. आधी बाहेर जा. ते जिथं फिरलं तिथल्या दगडावर हात ठेवा. आमची निगा राखायची म्हणजे पितळ घासायचं एवढंच नव्हे. आम्ही सांगतो ते पडताळून बघायचं, ही खरी निगा.

आणि साहेब, रमाकांत चुकला असेलही. जमिनीच्या पोटातलं खणल्याशिवाय कुणालाच कळत नाही, त्यालाही नाही, मलाही नाही. वरच्या अंगाला पाणी नसेलही. पण तुम्ही खणून बघितलं नाहीत. माझ्यावरची चिठ्ठी काढावी लागली असती, खोडलेली रेघ आपल्याच हातानं परत ओढावी लागली असती. तेवढं टाळलंत म्हणून ती वस्ती अजून कालव्यावरून घागरी वाहतेय. सुई तुमच्या डोळ्यांदेखत फिरली. दोनदा फिरली. मग ती रेघ नकाशावर परत का ओढली नाहीत? जबाब मला देऊ नका, मी कपाटातला आहे. घागर घेऊन चढण चढणाऱ्या छबूबाईला द्या. केव्हा देताय?